बारोलो आणि तिच्या जोडीचे जेवण

इटलीच्या वायव्येला पीडमाँट प्रांतात, आल्बा शहराजवळच्या टेकड्यांवर नेब्बिओलो जातीची द्राक्षे पिकतात. त्यांची लाल वाईन म्हणजे बारोलो. हे नाव तिथल्याच एका गावाचे. नियमानुसार ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात.

एवढी वाट का पाहायची? नेब्बिओलोच्या सालीत आणि बियांत टॅनिन भरपूर असते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तसाच हा तुरटपणा. ओकच्या लाकडातून पिंपात हवा अगदी थोडी झिरपते आणि तो हळूहळू निवळतो.

तरीही थोडा उरतोच, आणि जेवणाची जोडी त्यावरच ठरते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे पडते. सोबत मांस किंवा चीज असले, की ते त्यातल्या प्रथिनांना चिकटते आणि घोट मऊ लागतो. म्हणूनच तिकडे बारोलोतच मंद आचेवर शिजवलेले गोमांस, म्हणजे ‘ब्राझातो’, किंवा जुने, मुरलेले चीज तिच्याबरोबर वाढतात.

आपल्या झणझणीत रश्श्याशी मात्र तिचे जमत नाही. तिखटाने तुरटपणा आणि मद्याची जळजळ, दोन्ही जास्त जाणवतात. मटण कमी तिखट, मंद आचेवर शिजवलेले असेल, तर जोडी जमते.