धिप्पाड कुत्रा दत्तक घेताना

ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डचे गोंडस पिल्लू हौसेने विकत घेतले जाते. वर्षभरात त्याचे वजन पन्नास किलोंच्या घरात जाते, फिरायला नेणाऱ्यालाच ते रस्त्यावरून फरफटत नेऊ लागते आणि मग एके दिवशी त्याची रवानगी प्राण्यांच्या आश्रयकेंद्रात होते. उपासमार होईल अशा अवस्थेत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात कुत्र्याचा साधा पट्टाही येत नाही!

दत्तक घ्यायला येणाऱ्यांची नजर आधी पिल्लांकडे वळते आणि मोठा कुत्रा मागे राहतो. वास्तविक पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याची उंची, वजन आणि बराचसा स्वभाव समोर दिसत असतो. त्याला बंगलाच हवा, हाही गैरसमज. ग्रेट डेन घरात दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. खरा प्रश्न सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवणार कोण आणि त्याने अचानक हिसका दिला तर त्या व्यक्तीला तो आवरेल का, हा आहे. खर्चाचे गणितही वजनावर चालते. खाणे तर वाढतेच, शिवाय जंतनाशक, गोचिडांवरील औषध, शस्त्रक्रियेपूर्वीची भूल या सगळ्यांची मात्रा किलोवर ठरते. दाट केसांच्या सेंट बर्नार्डचा मोह तर मुंबईच्या दमट उकाड्यात, घरी वातानुकूलन यंत्र नसल्यास, आवरलेलाच बरा.

ग्रेट डेनचे आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचे. त्यामुळे पाच-सहा वर्षांचा कुत्रा उतारवयाकडे झुकलेला असतो. खुब्याच्या सांध्यांची दुखणी मोठ्या जातींत नेहमीची. त्याहून गंभीर म्हणजे जठराला पीळ पडणे. खोल छातीच्या कुत्र्यांच्या जठरात वायू साठतो आणि ते स्वतःभोवती फिरते. पोट फुगले, कुत्रा ओकाऱ्या काढतो पण बाहेर काहीच पडत नाही, असे दिसताच मध्यरात्र असली तरी पशुवैद्यकाकडे धाव घ्यावी. काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. दिवसाचे खाणे दोन-तीन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणानंतर लगेच पळवू नये.

गृहनिर्माण संस्थेचा विरोध ही अनेकांची धास्ती. मात्र, भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लहान चालेल, मोठा नको, असा भेदही करता येत नाही. भाड्याच्या घरात मात्र मालकाची संमती आधीच घेतलेली बरी. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस यांत हयगय नको.

आश्रयकेंद्रात अर्ज भरून घेतात, घर पाहायला येतात, कुटुंबातील सर्वांना भेटायला बोलावतात. काहींना ही उलटतपासणी वाटते; पण एकदा टाकला गेलेला कुत्रा दुसऱ्यांदा परत आला तर त्याला नवे घर मिळणे आणखी कठीण होते. दत्तक घेणाऱ्यानेही मोकळेपणाने विचारावे: आधीच्या घरातून तो का आला? जेवताना कोणी जवळ गेल्यास गुरगुरतो का? लहान मुलांची सवय आहे का?

पहिले काही दिवस तो कोपऱ्यात बसून राहील, कदाचित जेवणारही नाही. पाहुण्यांना कौतुकाने दाखवण्याची घाई तेव्हा करू नये. आणखी एक बाब हमखास राहून जाते. आयुष्यभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याने लिफ्ट पाहिलेलीच नसते. पहिल्याच दिवशी तो दारात बसकण मारतो आणि पन्नास किलोंचा ऐवज उचलून पाचव्या मजल्यावर नेणे कोणाच्याच आवाक्यातले नसते. तेव्हा तो जिने चढतो का, हे केंद्रातून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.