रूट केलेला फोन मूळपदावर

फॅक्टरी रिसेट मारला की फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो, अशी आपली समजूत असते. साध्या फोनपुरती ती बरोबरही आहे. रूट केलेल्या, म्हणजे मालकाने पूर्ण सत्ता मिळवलेल्या, फोनवर मात्र रिसेटनंतर बँकेचं ॲप टाकलं, तर ते बहुधा पूर्वीसारखंच अडून बसतं.

याचं कारण फोनच्या साठवणीत आहे. तिचे कप्पे, म्हणजे पार्टिशन, पाडलेले असतात. ‘बूट’मध्ये लिनक्स कर्नल, ‘सिस्टिम’मध्ये खुद्द अँड्रॉइड आणि ‘युजरडेटा’मध्ये आपले फोटो, मेसेज, ॲप. रिसेट पुसतो तो फक्त युजरडेटा. रूट करणारा हात घालतो तो पहिल्या दोन कप्प्यांत. पूर्वी सिस्टिममध्येच जादा फाइल घुसवत. २०१६मध्ये आलेल्या ‘मॅजिस्क’ने सिस्टिम तशीच ठेवून बूटमध्ये बदल करण्याची वाट रुळवली.

हा बदल फोनला कळतो तरी कसा? अँड्रॉइड ७पासून सक्तीची झालेली ‘व्हेरिफाइड बूट’ ही तपासणी त्यासाठीच आहे. चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्राम आधी फोन सुरू करून देणारा ‘बूटलोडर’ तपासतो, बूटलोडर बूट तपासतो, आणि पुढे सिस्टिमचा प्रत्येक ४ केबीचा तुकडा वाचताना तपासला जातो. प्रत्येक तुकड्याचा ३२ बाइटचा ठसा, म्हणजे हॅश, आधीच काढून ठेवलेला असतो. सिस्टिम २ जीबीची धरली तर तुकडे होतात ५,२४,२८८. एका तुकड्यात १२८ ठसे मावतात, म्हणून हे सगळे ठसे ४,०९६ तुकड्यांत बसतात. त्यांचे ठसे ३२ तुकड्यांत, त्यांचे एकाच तुकड्यात. त्या शेवटच्या तुकड्याचा ठसा कंपनीच्या डिजिटल सहीने बांधलेला असतो. खाली कुठेही एक बिट बदलला, तरी वरचा ठसा जुळत नाही.

म्हणूनच फोन मूळपदावर आणताना सॉफ्टवेअर ‘साधारण तसंच’ असून भागत नाही, बाइटला बाइट जुळावं लागतं. पिक्सेलसाठी गूगल अशा हुबेहूब प्रती, म्हणजे फॅक्टरी इमेज, उपलब्ध करून देतं. त्या ‘फास्टबूट’ने फोनवर चढवतात. सॅमसंगवाले ‘ओडिन’ वापरतात. आधी बॅकअप, मग नेमकं मॉडेल आणि आवृत्ती पाहून फाइल उतरवायची, तिचा ठसा जाहीर केलेल्या ठशाशी ताडायचा आणि बॅटरी भरून घ्यायची. आयएमईआयशी निगडित माहिती असलेल्या ‘ईएफएस’ कप्प्याच्या वाटेला जायचं नाही.

रूट करताना अनलॉक केलेला बूटलोडर पुन्हा लॉक करायचा तो सगळ्यात शेवटी, मूळ सॉफ्टवेअरवर फोन नीट सुरू झाल्याची खात्री पटल्यावर. बदललेलं सॉफ्टवेअर आत असताना कुलूप घातलं, तर तपासणी पक्की होते आणि फोन सुरू व्हायलाच नकार देऊ शकतो. लॉक करताना युजरडेटा पुन्हा पुसला जातो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

इतकं करूनही घड्याळाचे काटे दरवेळी मागे फिरत नाहीत. पिक्सेल ६वर २०२२मध्ये अँड्रॉइड १३ चढवल्यावर अँड्रॉइड १२च्या जुन्या इमेजवर परतायची वाट बंद झाली. जुन्या बूटलोडरमधली सुरक्षेची फट पुन्हा उघडू नये, म्हणून. सॅमसंगच्या ‘नॉक्स’ ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या गॅलेक्सीत अनधिकृत बूट सॉफ्टवेअर चढवलं की चिपमधला इलेक्ट्रॉनिक फ्यूज जळतो आणि नोंदीतल्या ०चा १ होतो. मूळ सॉफ्टवेअर कितीही चोख बसवलं तरी तो १ जात नाही, सिक्युअर फोल्डरसारख्या सोयीही परत मिळत नाहीत.

हा कंपनीचा खडूसपणा वाटेल. पण रूट म्हणजे फोनवर पूर्ण सत्ता, आणि जिथे पूर्ण सत्ता तिथे सॉफ्टवेअरमधली कुठलीही नोंद खोडता येते. मालकाला जशी, तशीच फोनमध्ये शिरलेल्या चोरालाही. त्या सत्तेच्या हाताबाहेर राहील अशी नोंद सिलिकॉनमध्येच करावी लागते. जुना गॅलेक्सी विकत घेताना म्हणूनच सेटिंग्जवर विसंबू नये. फोन डाउनलोड मोडमध्ये न्यावा आणि वॉरंटीच्या ओळीतला आकडा वाचावा.