कुलाबा: चर्चगेटच्या पुढचं स्टेशन

चर्चगेट म्हणजे शेवटचं स्टेशन, असं आपण धरूनच चालतो. पण पूर्वी रूळ तिथे संपत नव्हते. समुद्राच्या कडेकडेने पुढे कुलाब्यापर्यंत जात. बी.बी.सी.आय. रेल्वेचं टर्मिनस तिथे होतं. आता गंमत बघा. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली, आणि १९३० संपताना कुलाबा स्टेशनच बंद! तीन वर्षंही धड झाली नव्हती. बॅकबेमध्ये भराव घालून नवी जमीन काढायचं काम चालू होतं ना, त्या जमिनीच्या आणि शहराच्या मध्ये हे रूळ आडवे येत होते. मग लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच डिसेंबरात उघडलेल्या मुंबई सेंट्रलला गेल्या, लोकल चर्चगेटला थांबू लागल्या. कुलाबा स्टेशनच्या जागेवर आज बधवार पार्क आहे, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत.