पाणी पाजलेलं पोलाद आणि चुंबक

विषय कारखान्याचा आणि वक्ता तत्त्वज्ञानाचा, हे कसं काय, असं काहींना वाटेल. पण ‘वस्तू तीच, मग गुण बदलला कसा?’ हा प्रश्न आमच्याच घरातला आहे.

लोहार विळा लालबुंद तापवून पाण्यात बुडवतो. त्याला आपण पाणी पाजणं म्हणतो. त्यानं धार टिकते, हे सर्वांना ठाऊक आहे. चुंबकाचंही तसंच आहे. साधारण 770 अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंडाला चुंबक धरतच नाही. तिथून पोलाद एकदम थंड केलं, की कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत अडकतात आणि आत ताण राहतो. लोखंडात चुंबकत्वाचे सूक्ष्म विभाग असतात. त्यांच्या सीमा सरकल्या, की चुंबकत्वाची दिशा बदलते. ताणामुळे या सीमा अडतात. म्हणून असं पोलाद चुंबक व्हायला कुरकुरतं, पण एकदा झालं, की सहजी सोडत नाही. तेच पोलाद भट्टीतच सावकाश निवू दिलं, तर चटकन चुंबक होतं आणि चटकन विसरतं.

मारी क्यूरी यांनी रेडियमच्या आधी पाणी दिलेल्या पोलादांवरच काम केलं. ते 1898 मध्ये प्रसिद्ध झालं. टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम मिसळलेली पोलादं कायम चुंबकाला उत्तम, असं त्यांना आढळलं. आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला मात्र उलट स्वभाव हवा. तिथं वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते. आत हट्टी पोलाद असेल, तर दर आवर्तनाला थोडी वीज उष्णतेत वाया जाते. म्हणून तिथं सिलिकॉनयुक्त पोलादाचे पत्रे वापरतात आणि कापताना पडलेला ताण पुन्हा तापवून काढतात.

आता मातीचं मडकं घ्या. भाजल्यावर त्याचा रंग बदलतो, तो कशामुळे? वैशेषिक म्हणाले, मडकं अणूंपर्यंत सुटतं, अणूंचा गुण बदलतो आणि ते पुन्हा जुळतात. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, मडकं अखंड असतानाच बदलतं. हा पिठरपाकवाद. पोलाद दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवतं. तुकडा अखंड राहतो, आतली मांडणी मात्र नवी होते. अणू मात्र लोखंडाचा तो लोखंडाचाच.

नागापूर एमआयडीसीत जाणाऱ्या तरुणांनी एवढं लक्षात ठेवावं. पोलादात काय मिसळलंय, हे कागदावर वाचून भागत नाही. ते कसं तापलं आणि कसं निवलं, हेही विचारा. पाणी नीट बसलंय का, हे तुकडा न फोडता चुंबकीय मोजणीनं ताडता येतं, तेही याच कारणानं.