शहाणी झाली, दोड्डवळादळु!

आपल्या सीमाभागातल्या घरांत मुलगी वयात आली की दोन भाषांत दोन शब्द निघतात. मराठीत म्हणतात, 'मुलगी शहाणी झाली.' कन्नडमध्ये म्हणतात, 'दोड्डवळादळु', म्हणजे मोठी झाली. लहानपणी मला याचे फार कोडे पडे. काल आमच्याबरोबर लगोऱ्या खेळणारी मैत्रीण एका रात्रीत शहाणी कशी झाली? आणि झालीच असेल, तर त्या शहाणीला कोपऱ्यात का बसवले? मोठी झाली म्हणायचे आणि त्याच दिवसापासून तिचे अंगण लहान करायचे, हा कुठला हिशेब?

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी या घटनेचा सोहळा होई. मखर सजवले जाई, न्हाण घातले जाई, ओटी भरली जाई. कन्नड घरांत उडी तुंबत, आरती ओवाळत, खोबरे-गूळ खायला घालत. त्या सोहळ्यात माया होती, हे मी नाकारत नाही. पण तो मान मुलीने काही केल्याचा नव्हता, तिच्या शरीरात आपोआप घडलेल्या गोष्टीचा होता. मुलगी काय शिकली, कुणाच्या उपयोगी पडली, कशाला घाबरायची थांबली, याचे मखर आपण कधी सजवले नाही. हे सगळे आज आठवण्याचे कारण म्हणजे डिचोलीत पाहिलेला एक छोटासा समारंभ.

माझी धाकटी बहीण डिचोलीला असते. मेहुणे मूळचे बैलहोंगलकडचे. खाणींच्या यंत्रांच्या कामानिमित्त ते गोव्यात आले, २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा हालही झाले, पण मुलांच्या शाळेसाठी तिथेच राहिले. घरात आईची मराठी, बाबांची कन्नड आणि दाराबाहेर पडले की कोकणी. माझी भाची तिन्ही भाषांत भांडू शकते! शाळेत ती आधी 'बुलबुल' होती आणि दहा वर्षांची झाल्यावर 'गाइड' झाली.

ज्यांच्या घरात गाइड नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १९०९ साली बॉय स्काउट्सचा मेळावा भरला होता. तिथे काही मुली न बोलावताच पोहोचल्या आणि 'आम्हालाही यात घ्या' म्हणाल्या. त्यातून १९१० साली लॉर्ड बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्या नेतृत्वाखाली 'गर्ल गाइड्स' उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, भारतातले पहिले गाइड पथक जबलपूरला निघाले. सुरुवातीला ते युरोपीय मुलींपुरतेच होते. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटनाही तीत सामील झाली. आपल्या पुण्यात तर जगभरच्या गाइड्सचे 'संगम' केंद्र आहे. लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते १६ ऑक्टोबर १९६६ रोजी त्याचे उद्घाटन झाले. जगात अशी केंद्रे केवळ पाच आहेत.

या चळवळीत मुलीची प्रगती पायरीपायरीने मोजतात. धाकट्या बुलबुलांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख. गाइड झाल्यावर प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीवर काहीतरी हाताने करून दाखवायचे असते. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, उघड्यावरच्या चुलीचा स्वयंपाक, तंबूतला मुक्काम. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. आपल्या मुलांना नंबराशिवाय काही मिळतच नाही, म्हणून मला हे फार मोलाचे वाटते.

तर २०२३ च्या डिसेंबरमध्ये भाचीचे तृतीय सोपानाचे शिबिर पेडणे तालुक्यात ठरले. चार रात्रींचा मुक्काम. आणि नेमकी त्याच्या महिनाभर आधी ती 'शहाणी' झाली! मेहुणे तसे प्रेमळ गृहस्थ, पण एकदम गप्प झाले. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. कारण सांगेनात. बहिणीने फोनवर मला सांगितले तेव्हा पुढचे वर्ष कधी येत नसते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. भाचीने रडून घेतले आणि बांधून ठेवलेली पिशवी सोडायला घेतली.

तिची अज्जी तिथेच शेंगा फोडत बसली होती. वय चौऱ्याहत्तर, कडक सोवळ्याओवळ्याची बाई. नातीला दूर बसवण्याचा आग्रह तिचाच असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. ती शेंगा बाजूला न ठेवता मुलाला म्हणाली, "होगली बिडप्पा."

वाचकहो, या दोन शब्दांची गंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको. 'जाऊ दे रे.' मराठीतही तेच आणि कन्नडमध्येही तेच. विषय सोडून दे, असाही त्याचा अर्थ आणि तिला जाऊ दे, असाही. मेहुण्यांनी कुठला घेतला कोण जाणे, पण भाची गेली. नंतर अज्जीने सुनेला सांगितले की, ती स्वतः तेरा वर्षांची असताना 'दोड्डवळादळु' म्हणून तिची शाळा थांबवली होती. मुल्कीची परीक्षा द्यायची तेवढी राहून गेली. साठ वर्षांत तिने हे घरात कुणाला सांगितले नव्हते. कुणी विचारलेही नव्हते.

त्यानंतर २०२४ च्या २२ फेब्रुवारीला मी बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी असे करत डिचोलीला पोहोचले. बेडन-पॉवेल पती-पत्नी दोघांचाही वाढदिवस २२ फेब्रुवारी. म्हणून जगभरच्या गाइड्स १९२६ पासून हा दिवस 'चिंतन दिन' म्हणून पाळतात. भाचीच्या शाळेत त्या दिवशी सोपानाचे बिल्ले द्यायचे होते आणि धाकट्या बुलबुलांचे 'फ्लाइंग अप' होते, म्हणजे बुलबुल उडून गाइडांच्या पथकात जाणार.

शाळांचे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आहेत. गाइडच्या मुलींना तिथे काय काम असते? पाहुण्यांवर फुले उधळायची, तबके धरायची आणि पाहुणे दीड तास उशिरा आले तर तेवढा वेळ उन्हात रांगेत उभे राहायचे. एका समारंभात मी अशी एक मुलगी चक्कर येऊन पडताना पाहिली आहे. दुसऱ्यांच्या सत्काराला राबणाऱ्या या मुलींचा सत्कार मात्र कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतो.

इथे तसे नव्हते. मुली घोड्याच्या नालाच्या आकारात उभ्या होत्या. नव्याने आलेल्या मुलीला गाइड कॅप्टनबाईंनी विचारले की तुला वचन ठाऊक आहे का, नियम ठाऊक आहेत का. तिने तीन बोटांनी सलाम करून वचन घेतले. तीन बोटे म्हणजे वचनाचे तीन भाग. मग बाईंनी तिला बिल्ला लावला आणि तिच्याशी डाव्या हाताने हस्तांदोलन केले. माझ्या शेजारी बसलेली अज्जी दचकली. शुभकार्यात डावा हात! मी तिला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये समजावले की, लढवय्या डाव्या हातात ढाल धरतो, ती खाली ठेवून हात पुढे करायचा म्हणजे 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' असे सांगायचे, अशी या चालीमागची गोष्ट सांगतात. अज्जीने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

मला सर्वांत आवडले ते पुढचे. बिल्ला देताना नुसते नाव पुकारले नाही. प्रत्येक मुलीबद्दल बाईंनी एक वाक्य सांगितले. ही पाण्याला घाबरायची, आता पोहते. हिने भाजलेल्या हातावर टूथपेस्ट लावू न देता तो वीस मिनिटे नळाखाली धरला. हिला शिबिरात पहिल्या रात्री घरची आठवण आली, तरी ती परत गेली नाही. बापमंडळी माना उंच करून पाहत होती. आपली मुलगी असे काही करते, हे त्यातल्या कित्येकांना तिथेच कळत होते.

भाचीबद्दल त्या म्हणाल्या, "हिने आपली टोळी नीट सांभाळली." बस्स, एवढेच. मला ते थोडे कमी वाटले, खोटे कशाला बोलू! चहाच्या वेळी मी बाईंना गाठले तेव्हा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाय, ते सगळ्यांसमोर सांगण्यासारखे नव्हते."

झाले होते असे. शिबिराच्या तिसऱ्या रात्री टोळीतली सगळ्यांत धाकटी मुलगी तंबूत मुसमुसत होती. तिला पहिल्यांदाच पाळी आली होती आणि आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला आहे, अशी तिची समजूत झाली होती. घरात कुणी काही सांगितलेच नव्हते. भाचीने तिला जवळ घेतले. आपल्या पिशवीतले पॅड दिले, ते कसे वापरायचे ते सांगितले, टॉर्च घेऊन न्हाणीघरापर्यंत सोबत केली, आणि मग बाईंना उठवले. "मलासुद्धा गेल्याच महिन्यात आली. काही होत नाही," असे तिने त्या पोरीला सांगितले म्हणे. रात्रभर मोप्याच्या बाजूने विमानांचे आवाज येत होते आणि या दोघी विमाने मोजत जाग्या होत्या.

ज्या कारणासाठी तिला घरी ठेवणार होते, त्याच कारणाने ती तिथे कुणाच्या तरी उपयोगी पडली. असल्या कामासाठी कुठलाही बिल्ला नाही. पण मला विचाराल, तर 'शहाणी झाली' या शब्दाला तिने त्या रात्री पहिल्यांदा खरा अर्थ दिला.

पेडणे आणि डिचोली ही गोव्याची तशी मागे राहिलेली टोके मानली जातात. पण गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर पेडण्याचेच. त्यांच्या काळात खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पुढे १९७३ साली त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. गोव्याला दुसरी महिला मुख्यमंत्री अद्याप लाभलेली नाही. मुलींना शाळेपर्यंत आणण्याचे काम त्या पिढीने केले. तंबूपर्यंत, रात्रीपर्यंत, घराबाहेरच्या जगापर्यंत पाठवण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.

महाविद्यालयात शिकवताना मला दरवर्षी एक गोष्ट दिसते. दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुली वर्गात उभे राहून दोन वाक्ये बोलताना थरथरतात. आठवीपर्यंत गाइडमध्ये असलेल्या मुलींनाही नववीत शिकवणीसाठी सोडायला लावलेले असते. "मार्क महत्त्वाचे," असे पालक म्हणतात. मार्क महत्त्वाचे आहेतच. पण हा अभ्यासही वाया जात नाही. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काउट-गाइड कोटा असतो, तिथे राष्ट्रपती पुरस्काराला किंमत आहे. महाविद्यालयात गेल्यावर 'रेंजर' म्हणून पंचविसाव्या वर्षापर्यंत हे काम चालू ठेवता येते. कर्नाटकात मुडबिद्रीला २०२२ च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक जांबोरी भरली होती. आपल्या मुलींना दोन-तीन भाषा येतात. अशा मेळाव्यांत त्या कुठेच मागे पडणार नाहीत.

आणि पुरस्कारांचे सोडून द्या. निदान एवढे तरी आपण करू शकतो. मुलीला बिल्ला मिळेल त्या दिवशी आई-वडील दोघांनी अर्धी रजा काढून शाळेत जावे. घरी आल्यावर 'कितवी आलीस?' असे न विचारता 'काय शिकलीस, करून दाखव' म्हणावे. आणि शिबिराची चिठ्ठी आली की 'पुढच्या वर्षी' हा शब्द उच्चारू नये. काळजी वाटली तर बाईंना भेटावे, मुक्कामाची जागा पाहून यावी, सोबत कोण आहे ते विचारावे. आणि वयात येण्याआधीच मुलीशी मोकळेपणाने बोलावे, म्हणजे कुणाच्या लेकीवर तंबूत एकटीने रडण्याची वेळ येणार नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मेहुण्यांनी स्वतः जाऊन पेढे आणले. भाची बिल्ला हातात घेऊन बसली होती. सोपानाचा बिल्ला कापडी असतो, तो बाहीवर शिवायचा असतो. बहीण सुई-दोरा शोधायला उठली, तर अज्जी म्हणाली, "इकडे दे." डोळ्यांनी कमी दिसते म्हणून सुईत दोरा नातीने ओवून दिला. अज्जीने चष्मा नाकावर सरकवून एकेक टाका घालायला सुरुवात केली. पुष्कळ वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. शेवटची गाठ मारून तिने दोरा तोडला, बाहीवरून हात फिरवला आणि स्वतःशीच बोलावे तसे म्हणाली,

"ईग दोड्डवळादळु."

आत्ता मोठी झाली.