आपली घडण आपल्या हाती

बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तो धावपटू व्हायला नव्हे, नोकरीसाठी. सियाचीनच्या बर्फात ड्यूटी केल्यावर 2015 मध्ये तो सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींकडे वळला. पुढे दुखापत झाली, वजन वाढले. ते त्याने जिद्दीने उतरवले.

मग प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेस सुचवली. तीन हजार मीटर, 28 अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी. पाण्यापुढच्या अडथळ्यावर पाय टेकवून झेप घ्यायची आणि भिजलेल्या बुटांनी पुन्हा लय पकडायची. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

राष्ट्रीय शिबिरात नामवंत परदेशी प्रशिक्षक होते. पण त्यांची पद्धत आपल्या शरीराला मानवत नाही, हे ओळखून अविनाश पुन्हा अमरीश कुमारांकडे परतला. प्रशिक्षकाचा शब्द प्रमाण मानणाऱ्या आपल्या क्रीडासंस्कृतीत हा निर्णय सोपा नव्हता. खेळाडूने स्वतःची जबाबदारी घेणे म्हणजे नेमके काय, ते इथे दिसते.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो रौप्य जिंकला. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा तो पुरुषांच्या स्टीपलचेसमधला पहिला भारतीय ठरला. 2025 मध्ये मोनॅकोत पडल्याने गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पुन्हा पहिल्यापासून पाय घडवणे आले.