भात्यात बाण किती?

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षापासून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेट आणि राजकारण यांच्या शेजारी तिसरा विषय येऊन बसला आहे. सकाळच्या फेऱ्या मारून टेकलेली मंडळी एस-४०० चा पल्ला किती आणि ब्राह्मोस ध्वनीच्या किती पट वेगानं जातं, याचे आकडे एकमेकांना ऐकवतात. आकडे बहुतेक बरोबरही असतात. मोबाइल सगळ्यांकडे आहे. अडचण एवढीच, की गाडी पल्ला आणि वेग या दोन स्टेशनांच्या पुढे जात नाही. आपल्याकडे किती आहेत, संपल्यावर काय, आणि ऐन वेळी ती यंत्रणा चालू असेल का, हे प्रश्न कुणी विचारत नाही. मुंबईच्या पुढ्यातल्या समुद्राचा १९७१ पासूनचा इतिहास पाहिला, तर निकाल बहुधा याच प्रश्नांवर लागलेला दिसतो.

आधी थोडं गणित. दादर चौपाटीवर वाळूत उभं राहून समोर पाहिलं, की पाणी आणि आकाश मिळतात ती रेषा फार लांब वाटते. प्रत्यक्षात ती पाच किलोमीटरच्याही आत असते. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यापलीकडचं पाणी आपल्या नजरेखाली उतरतं. जहाजावरच्या रडारलाही याच गोलाईचा जाच होतो. अँटेना डोलकाठीवर २५-३० मीटर उंच बसवली तरी लाटांपासून पाचेक मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र तिला साधारण ३० किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. ते ध्वनीपेक्षा कमी वेगाचं असेल, तर जहाजाच्या हातात दीडएक मिनिट उरतं. ब्राह्मोसच्या जातीचं असेल, तर अर्धं मिनिट. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, डागायचं आणि पहिला नेम चुकला तर दुसरा धरायचा. क्षेपणास्त्राचा पल्ला ३०० किलोमीटर असो वा ८००, बचाव करणाऱ्याची लढाई या शेवटच्या ३० किलोमीटरांतच होते.

जगाला हे पहिल्यांदा कळलं २१ ऑक्टोबर १९६७ रोजी. पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोव्हिएत क्षेपणास्त्रं डागून इस्राएलची विनाशिका ‘एलात’ बुडवली. त्याच कुळातली क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या ओसा वर्गाच्या बोटी भारतानं घेतल्या, त्या मुळात बंदराच्या राखणीसाठी. त्यांचा पल्ला तोकडा, इंधन कमी. मोठ्या जहाजांनी त्या ओढत न्यायच्या आणि शत्रूच्या दारात सोडायच्या, ही कल्पना आपल्या नौदलाची. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीसमोर पोहोचल्या. कमांडर बबरू भान यादव यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी विनाशिका ‘खैबर’ आणि सुरुंग काढणारी ‘मुहाफिज’ बुडवली. चार दिवसांनी ‘विनाश’ या एकाच क्षेपणास्त्र बोटीनं दुसरा फेरा केला. केमारीचे तेलसाठे पेटले ते याच हल्ल्यांमध्ये. आपला नौदल दिन ४ डिसेंबरला येतो तो यामुळेच.

या कथेतला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील विजयाच्या भाषणांत सहसा येत नाही. ‘खैबर’वर पहिलं क्षेपणास्त्र आदळलं तेव्हा जहाजावरच्यांना तो विमानहल्ला वाटला. बुडण्यापूर्वी त्यांनी किनाऱ्याला कळवलं तेही तसंच. अशा बोटींचा धोका ‘एलात’मुळे चार वर्षं जगजाहीर होता, त्या रात्री तो कुणाच्या मनात नव्हता, इतकंच. आपल्या बाजूचा हिशेबही लगेच चुकता झाला. ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीनं आपली फ्रिगेट ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, त्यांतच जहाजाबरोबर गेलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. फ्रेंच बनावटीच्या त्या पाणबुडीला आपल्या फ्रिगेटपेक्षा खूप लांबचं ऐकू येत होतं. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले ज्यांना आठवतात, त्या पिढीला या दोन्ही घटना एकाच श्वासात आठवतात.

पुढची उदाहरणंही याच मासल्याची आहेत. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या लढाईत ब्रिटिश विनाशिका ‘शेफिल्ड’ला एक्झोसे क्षेपणास्त्र लागलं, २० जण गेले. अनेक वर्षं दडपलेला चौकशी अहवाल २०१७ मध्ये बाहेर आला, तेव्हा कळलं की हवाई संरक्षणाचा जबाबदार अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता, कॉफी घ्यायला गेला होता. १७ मे १९८७ रोजी इराकी विमानानं अमेरिकी ‘स्टार्क’वर दोन एक्झोसे सोडली, ३७ खलाशी मेले आणि क्षेपणास्त्र पाडणारी स्वयंचलित तोफ नुसतीच उभी होती. जुलै २००६ मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्यासमोर इस्राएलच्या ‘हानित’वर हिजबुल्लाचं क्षेपणास्त्र आदळलं. त्या जहाजावर अशी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारं बराक होतं. हिजबुल्लाकडे असलं काही नसणार, असं गृहीत धरल्यामुळे यंत्रणा चालू नव्हती.

बराक हे नाव आपल्याकडे आलं ते वादासकट. नव्वदच्या दशकात नौदलाची भिस्त डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या त्रिशूल क्षेपणास्त्रावर होती आणि ते काही केल्या जमेना. लाटांना घासून येणारं लक्ष्य टिपण्यात ते अडखळत राहिलं. शेवटी २००० साली इस्राएलकडून बराक-१ घेण्याचा करार झाला. संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, म्हणजे १९६७ मध्ये स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत लोळवणारा कामगारनेता. पुढे लाचखोरीचे आरोप झाले, २००६ मध्ये सीबीआयनं गुन्हा नोंदवला आणि २०१३ मध्ये पुराव्याअभावी प्रकरण मिटवलं. त्रिशूल त्याआधीच, २००८ मध्ये, बासनात गेलं होतं. स्वदेशी की आयात, हा आपला लाडका वाद इथे अगदी नागडा दिसतो. स्वदेशीसाठी दहा वर्षं थांबलं, तर तेवढी वर्षं जहाजं बिनढालीची फिरतात. माझ्या मते नौदलानं आयातीचा हट्ट धरला ते बरोबरच केलं. त्याचं फळ असं, की त्या ओळखीतून पुढे डीआरडीओ आणि इस्राएल यांनी मिळून बराक-८ केलं. डिसेंबर २०१५ मध्ये ‘कोलकाता’वरून त्याची पहिली चाचणी झाली.

‘कोलकाता’ माझगाव डॉकची. शिवाजी पार्कपासून सरळ रेषेत सात किलोमीटरच्या आत, डॉकयार्ड रोड स्टेशनापलीकडच्या त्या आवारात १७७४ साली एक छोटी गोदी होती. १९६० मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली, आणि १९७२ मध्ये तिथून ‘निलगिरी’ ही देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका नौदलात गेली. आराखडा ब्रिटिशांचा, हात मुंबईचे. लालबाग-परळच्या गिरण्यांवर मराठीत कादंबऱ्या आल्या, नाटकं आली. डॉकच्या फिटर-वेल्डरांच्या वाट्याला साहित्य फारसं आलेलं नाही, याचं मला नवल वाटतं. १५ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत मुंबईत तीन नौका एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या, तिन्ही माझगावच्या: विनाशिका ‘सुरत’, नव्या घडणीची ‘निलगिरी’ आणि पाणबुडी ‘वागशीर’.

‘सुरत’ १६३ मीटर लांब आणि ७,४०० टनांची आहे. तिचं रडार गरगर फिरत नाही. चारही दिशांना चिकटवलेले त्याचे सपाट फलक एकाच वेळी सगळं आकाश पाहतात. त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पात्याची फेरी पूर्ण होण्याची वाट पाहायला लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. त्यापुढची पायरी मे २०१९ मध्ये दिसली. ‘कोची’ आणि ‘चेन्नई’ या दोन जहाजांवरच्या क्षेपणास्त्रांचं नियंत्रण एकाच जहाजानं करून वेगवेगळी लक्ष्यं पाडली. एका जहाजाच्या क्षितिजापलीकडचं दुसऱ्याला दिसत असेल, तर ते तीस किलोमीटर थोडे ताणता येतात. पहलगामच्या हत्याकांडानंतर दोनच दिवसांनी, २४ एप्रिल २०२५ रोजी, ‘सुरत’नं अरबी समुद्रात लाटांलगत उडणारं लक्ष्य याच पद्धतीनं टिपलं आणि त्याचं चित्रण जाहीर झालं. मे महिन्यातल्या संघर्षात नौदल उत्तर अरबी समुद्रात तैनात राहिलं, मात्र लढाई हवाई दल आणि लष्करानंच केली. त्यामुळे युद्धात बराक-८ नं समुद्रावर काय केलं असतं, याचं उत्तर अजून कागदावरच आहे.

आता भात्याकडे येऊ. ‘सुरत’च्या वर्गातल्या प्रत्येक विनाशिकेवर बराक-८ च्या ३२ नळ्या आहेत आणि १६ ब्राह्मोस. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकेवर सगळ्या प्रकारची क्षेपणास्त्रं मिळून ९० च्या वर नळ्या, चीनच्या ०५५ वर ११२. एका लक्ष्यावर दोन बाण सोडण्याचा रिवाज धरला, तर आपल्या ३२ मध्ये १६ लक्ष्यं बसतात. मग बंदराकडे परत, कारण उभ्या नळ्या भरसमुद्रात भरणं हे महाकठीण काम आहे. अमेरिकेनंही ते प्रात्यक्षिक म्हणून करून पाहिलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये.

ही नुसती शंका राहिलेली नाही, ती तांबड्या समुद्रानं दाखवली. २०२३ च्या अखेरीपासून येमेनचे हुथी व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडू लागले. काही हजार डॉलरचं ड्रोन पाडायला अमेरिकी विनाशिका वीस-वीस लाख डॉलरचं क्षेपणास्त्र खर्चत होत्या. त्याची झळ मुंबईपर्यंत आली: २३ डिसेंबर २०२३ रोजी ‘केम प्लुटो’ या टँकरवर पोरबंदरपासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळलं आणि तटरक्षक दलानं ते जहाज मुंबईला आणलं. ‘मोरमुगाव’, ‘कोची’, ‘कोलकाता’ लगेच पश्चिम समुद्रात पाठवाव्या लागल्या. पुढच्या मार्चमध्ये ‘कोलकाता’नं ३५ सोमाली चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या हवाली केले. त्या कामी लागले ते कमांडो, वेळ आणि चिकाटी. बराकचा संबंध आला नाही.

स्वस्त आणि चपळ विरुद्ध मोठं आणि महाग, हा सामना या समुद्राला नवा नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी घालायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ‘रिव्हेंज’सारखी तोफांची जहाजं आणून वेढा घातला. मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या वारा नसताना वल्ह्यांवर निसटून बेटाला रसद पोचवत राहिल्या, आणि ऑक्टोबरमध्ये इंग्रजांचं ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागलं. नौदलानं पाणबुडीला ‘खांदेरी’ नाव दिलं ते योग्यच झालं. मात्र आज खांदेरीच्या लढाईत आपण कुठल्या बाजूला उभे आहोत, हेही पाहावं. मोठी, महाग जहाजं आता आपली आहेत. म्हणूनच नागपूरच्या सोलर कंपनीनं ड्रोनच्या थव्यांवर सोडायची चिमुकली ‘भार्गवास्त्र’ रॉकेटं केली, मे २०२५ मध्ये गोपाळपूरला त्यांची चाचणी झाली, ही बातमी मला ब्राह्मोसच्या कुठल्याही बातमीपेक्षा महत्त्वाची वाटते. वर्तमानपत्रांनी तिला आतलं पान दिलं.

समुद्रावरची ढाल जहाजाची असते, शहराची ढाल हे वेगळंच प्रकरण आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये डीआरडीओनं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हवेतच पाडण्याची पहिली चाचणी यशस्वी केली. २०१२ मध्ये दिल्ली आणि मुंबई ही दोन शहरं या ढालीसाठी आधी निवडल्याच्या बातम्या आल्या. मुंबईकरांनी त्या वाचल्या आणि लोकल पकडली. कराची इथून नऊशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे डागल्यापासून आठ-दहा मिनिटं. भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी १९९९ मध्ये ‘बॉम्बिंग बॉम्बे?’ या अभ्यासात मुंबईवरच्या १५ किलोटनच्या एका अणुस्फोटाचा हिशेब मांडला होता. मृतांचा अंदाज दीड लाखाच्या वर सुरू होऊन साडेआठ लाखांच्या पुढे जातो. दहातली नऊ पाडली तरी दहावं पुरेसं आहे, म्हणून शहराच्या ढालीला जहाजाच्या ढालीचा मापदंड लावता येत नाही. शिवाय ढाल पाहून समोरचा भाला बदलतो. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्ताननं एकाच क्षेपणास्त्रात अनेक स्फोटकं वाहणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली आणि कारण म्हणून भारताच्या ढालीकडे बोट दाखवलं.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ मोहीम जाहीर झाली: २०३५ पर्यंत लष्करी ठिकाणांसह रुग्णालयं, रेल्वे, श्रद्धास्थानं या सगळ्यांना संरक्षण. योजना भव्य आहे. पण त्याच वर्षी जूनमध्ये बारा दिवस इराणची क्षेपणास्त्रं झेलताना, जगातली सर्वांत दाट ढाल बाळगणाऱ्या इस्राएलला आणि त्याच्या मदतीला आलेल्या अमेरिकेला आपला साठा किती दिवस पुरेल याची काळजी लागली होती, हे विसरून चालणार नाही.

आणि एक गोष्ट कट्ट्यावर काढली, की लोक विषय बदलतात. ‘खुकरी’नंतर शत्रूनं भारताची एकही युद्धनौका बुडवलेली नाही. मुंबई बंदरानं मात्र घेतल्या. माझगावचीच ‘विंध्यगिरी’ जानेवारी २०११ मध्ये मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी धक्क्यालाच स्फोट होऊन बुडाली, आत १८ जण होते. २०१६ मध्ये ‘बेतवा’ गोदीत कलंडली, २०२२ मध्ये ‘रणवीर’वर स्फोट झाला, जुलै २०२४ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’ आगीनंतर आडवी झाली. त्याच २०२२ च्या मार्चमध्ये आपलं एक ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूला जाऊन पडलं; तीन अधिकारी बडतर्फ झाले. देखभालीचं वेळापत्रक, गोदीतल्या अग्निशमनाची व्यवस्था, प्रशिक्षित हातांची संख्या यांना पल्ला नसतो, त्यामुळे त्यावर चर्चा रंगत नाही.

वेळापत्रकाचंच आणखी एक उदाहरण. अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेनं पाणबुडीला आठवडे-आठवडे पाण्याखाली ठेवू शकेल अशी इंधनघट यंत्रणा केली. मार्च २०२१ मध्ये तिचा जमिनीवरचा नमुना उतरला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती बसवण्याच्या भागासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. ज्या वर्गासाठी ती आहे, त्यातली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली २०१७ मध्ये. म्हणजे पहिल्या पाणबुडीत ही यंत्रणा बसेपर्यंत तिचं बरंच आयुष्य सरलेलं असेल. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची पुस्तकं येतात, तेव्हा चाचण्यांच्या छायाचित्रांऐवजी दोन नोंदी शोधाव्यात: बराक-८ ची वर्षाला किती नगांची मागणी नोंदवली आणि गोदीच्या दुरुस्तीला किती पैसे दिले.